पांजरपोळाचे दार

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाचा पहिला भाग देशभर गाजला. शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री पकडावीत, त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून ती निवारा केंद्रांत ठेवावीत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा तो भाग आहे. दुसऱ्या भागाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. महामार्गांवर ठाण मांडून बसणारी मोकाट गुरे हटवून ती गोशाळांत किंवा कोंडवाड्यांत पोहोचवावीत, असे त्यात म्हटले आहे. रायगडच्या किनारपट्टीवरील माणसाला या दुसऱ्या भागाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. श्रावणातल्या रात्री वडखळहून अलिबागकडे किंवा महाडकडे जाताना गाडीच्या दिव्यांत अचानक चमकणारे डोळे त्याने पाहिलेले असतात. शेतात गुडघाभर पाणी, गोठ्यात चिखल आणि डास. अशा वेळी गुराला सुकी आणि उंच अशी एकच जागा सापडते, ती म्हणजे डांबरी रस्ता.

आदेश रास्त आहे. परंतु ज्या गोशाळेत ही गुरे न्यावयाची, ती कोठे आहे आणि तिच्या दावणीत किती खुंटे रिकामे आहेत, हा प्रश्न कोणताही आदेश सोडवू शकत नाही. जिल्ह्यातील, किंबहुना राज्यातील बहुतेक गोशाळांचे आणि प्राण्यांच्या निवाऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे : जागा नाही. हे उत्तर ऐकले की माणसे संतापतात. रस्त्यावर जखमी पडलेले वासरू टेम्पोत घालून आणणाऱ्या तरुणाला ‘आज घेता येणार नाही’ असे सांगितले गेले, की तो दुसऱ्या दिवशी चार ठिकाणी बोलतो : देणग्या घेता, पाट्या लावता आणि मुक्या जनावराला दार बंद करता? त्याचा संताप समजण्यासारखा आहे. तरीही, दार बंद करणारा व्यवस्थापक निर्दयच असतो असे मानणे चूक ठरेल. आलेला जीव मारावयाचा नाही, हे व्रत ज्या संस्थेने घेतले, तिला प्रवेश मर्यादित ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. ही बाब भावनेची नसून निव्वळ हिशेबाची आहे, आणि आपल्याकडे हा हिशेब कोणी मांडून दाखवीत नाही.

चाळीस कुत्र्यांची सोय असलेला एखादा निवारा घेऊ. तेथे आलेले प्रत्येक कुत्रे मरेपर्यंत राहणार असेल आणि सरासरीने दहा वर्षे जगणार असेल, तर वर्षाकाठी चारच जागा रिकाम्या होतात. म्हणजे वर्षभरात चारच नवी कुत्री घेता येतात. पाचवे घेतले की कोणाच्या तरी वाटणीचे अन्न, औषध आणि जागा कमी होते. तोच निवारा आलेल्या प्राण्याला बरे करून दोन महिन्यांत एखाद्या घरी देऊ शकत असेल, तर त्याच चाळीस जागांतून वर्षाला दोनशे चाळीस प्राणी जाऊ शकतात. भिंती त्याच, नोकर तेच, खर्चही फारसा वाढत नाही. फरक पडतो तो बाहेरच्या समाजाने दुसऱ्या दाराने किती प्राणी आपल्या घरी नेले यामुळे. गोशाळेचे गणित याहून कठीण आहे, कारण भाकड गाय किंवा म्हातारा बैल घरी नेणारा क्वचितच भेटतो. शंभर खुंट्यांच्या गोशाळेत जनावर सरासरी आठ वर्षे राहिले, तर महिन्याला एक, एवढाच प्रवेश. महामार्गावरच्या एका रात्रीतल्या गुरांसाठी अशा गोशाळेची दोन वर्षे खर्ची पडतील.

हे व्रत आपल्याला पाश्चात्त्यांनी शिकवलेले नाही. राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी पोर्तुगीजांचा कैदी म्हणून होर्मुझहून गोव्याला नेला जात असताना नोव्हेंबर १५८३ मध्ये चौलला उतरला होता. आजच्या अलिबाग तालुक्यातील हेच ते चौल-रेवदंडा. येथील हिंदू कोणताही जीव मारणे पाप मानतात याची त्याने नवलाईने नोंद केली, आणि त्याच ओघात खंबायतेस पंगू कुत्र्या-मांजरांसाठी व पक्ष्यांसाठी रुग्णालये असल्याचे लिहून ठेवले. पुढे १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी खंबायतेची ती रुग्णालये प्रत्यक्ष पाहून आला. त्याचे निरीक्षण बारकाईचे आहे. बरा झालेला रानपक्षी सोडून दिला जाई आणि पाळीव पक्षी एखाद्या धर्मशील गृहस्थाच्या घरी सांभाळावयास दिला जाई, असे तो सांगतो. उपचार, मुक्तता आणि दत्तक ही आजच्या उत्तम निवाऱ्याची तिन्ही अंगे चारशे वर्षांपूर्वी त्या जागी होती. आत आलेले सगळेच तेथे आयुष्यभर कोंबून ठेवावयाचे, ही कल्पना नंतरची आहे आणि ती आपल्या परंपरेचे भूषण नव्हे.

मुंबईचा पांजरपोळ तर एका संघर्षातून जन्माला आला. कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि मारेकऱ्यांना प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस लावले. ६ जून १८३२ रोजी कोटात पारशांनी, आणि त्यांच्या जोडीने हिंदूंनी, या मारेकऱ्यांना अडवले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. मुंबईच्या इतिहासातील हा पहिल्या काही दंग्यांपैकी एक, आणि तो मुक्या प्राण्यांसाठी झाला. दंगा शमल्यावर जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीशा यांनी पुढाकार घेऊन १८३४ मध्ये पांजरपोळ स्थापन केला आणि त्याच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने धर्मादाय बसवून घेतला. रस्त्यावर उतरणे दोन दिवसांचे होते, धर्मादायाचे ओझे पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्या पिढीला हा फरक कळत होता. भुलेश्वरातील ती संस्था पुढे टिकली आणि तिच्या शाखा शहराबाहेर गेल्या, त्या या दुसऱ्या गोष्टीमुळे.

पांजरपोळाच्या जोडीला गावोगावी आणखी एक व्यवस्था होती : कोंडवाडा. १८७१ च्या कायद्याने चालणाऱ्या या कोंडवाड्यात शेतात शिरलेले किंवा बेवारस फिरणारे कोणतेही गुरू घ्यावेच लागे. मालकाने दंड व खुराकी भरून सोडवून न्यावे. सात दिवसांत कोणी न आल्यास नोटीस लावून लिलाव, असा त्याचा नियम. कोंडवाड्याला ‘जागा नाही’ म्हणण्याची मुभा नव्हती, मात्र गुराच्या पुढच्या आयुष्याची हमीही नव्हती. पांजरपोळात हमी होती, मुभाही होती. दोन्ही संस्था एकमेकींना धरून होत्या. आज किनाऱ्यावरच्या कित्येक ग्रामपंचायतींचे कोंडवाडे भिंतींपुरते उरले आहेत. काहींच्या जागेवर गाळे उभे राहिले. साहजिकच, सर्वांना घेणारी संस्था नाहीशी झाली आणि तिचा सगळा भार मर्यादित प्रवेशाच्या संस्थेच्या दारावर येऊन पडला.

अमेरिकेत हीच रचना उलट बाजूने उभी राहिली. तेथे शहराचे सार्वजनिक निवारे येईल तो प्राणी घेतात आणि जागा संपली की काहींना इंजेक्शन देऊन मारतात. खासगी संस्था प्राणी मारत नाहीत, परंतु त्या निवडून घेतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिदया संस्थेने शहरासाठी भटके प्राणी पकडण्याचे व मारण्याचे काम सोडून दिले आणि १९८९ मध्ये ते शहराच्या स्वतंत्र खात्याकडे गेले. टीका व्हायची ती झाली : तुम्ही आपले हात स्वच्छ ठेवलेत आणि पाप दुसऱ्याच्या पदरात टाकलेत. त्या टीकेत तथ्य होते. तिला उत्तर म्हणून संस्थेचे प्रमुख रिचर्ड अवान्झिनो यांनी १९९४ मध्ये शहराच्या खात्याशी लेखी करार केला. सार्वजनिक निवाऱ्यातील जो निरोगी, घरी देण्याजोगा प्राणी खात्याला ठेवता येणार नाही, तो संस्था घेईल, असे त्यात ठरले. या चळवळीत पुढे शंभरांतील नव्वद प्राणी वाचवणारी संस्था ‘न मारणारी’ म्हणावी, असा एक ठोकताळा रूढ झाला. त्यातली गोम उघड आहे. आजारी आणि म्हातारे प्राणी दारातच नाकारले की आतले प्रमाण आपोआप सुधारते. म्हणून अशा संस्थेची परीक्षा तिच्या आतल्या आकड्यांवर करता येत नाही. तिने नाकारलेल्या प्राण्याचे पुढे काय झाले, हे विचारावे लागते.

भारतात कुत्र्यांच्या बाबतीत मारण्याचा मार्ग २००१ च्या नियमांनी बंद केला आणि २०२३ च्या नव्या नियमांनी तो बंदच ठेवला. गोवंशाच्या बाबतीत महाराष्ट्राने मार्च २०१५ मध्ये गायीबरोबर बैल आणि वळू यांनाही संरक्षण दिले. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये काही कलमे वगळून तो कायदा उचलून धरला. हा कायदा व्हावा म्हणून ज्यांनी दशकानुदशके आंदोलने केली, त्यांना त्याचे समाधान वाटले आणि ते योग्यच होते. रायगडच्या पेण तालुक्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, जानेवारी १९८२ मध्ये, देवनारच्या कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू करविला होता. परंतु कायद्याने कत्तल थांबते, वैरण उगवत नाही. विनोबांच्याच वर्तुळातील जमनालाल बजाजांनी वर्ध्याला गोसेवा संघ काढून शेवटचे महिने गायीच्या संगोपनात घालवले होते, ते यासाठीच. सावरकरांनी पूजेपेक्षा पालनावर भर दिला. त्यांची भाषा अनेकांना बोचली, मुद्दा मात्र खोडता आला नाही.

किनारपट्टीवर वैरणीचा प्रश्न किती बिकट आहे, हे घाटावरच्या वाचकाला चटकन उमगणार नाही. कोकणात कडबा नाही. आहे तो भाताचा पेंढा, आणि त्यात कस थोडा. लहान चणीच्या गायीलाही दिवसाला पाच-साडेपाच किलो सुका चारा लागतो. शंभर जनावरांना वर्षाला दोनशे टन. एका हेक्टरातून चार-पाच टन पेंढा धरला, तर चाळीस ते पन्नास हेक्टर भातशेतीचा सगळा पेंढा एका गोशाळेला हवा. आणि भातशेती तर मागे सरकते आहे. खारभूमीची खाचरे बांध फुटून ओसाड पडतात, डोंगरउताराचे तुकडे बंगल्यांसाठी विकले जातात. मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो बोट लागली, जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि जमिनीचे भाव आणखी चढले. ज्या घरात नांगराचे दोन बैल होते तेथे पॉवर टिलर आला. बैल म्हातारा झाला, विकण्याची सोय नाही, पेंढा पुरत नाही. मग एखाद्या रात्री त्याचे दावे सोडले जाते. त्या शेतकऱ्याला गोद्रोही म्हणणे सोपे आहे. तो बैल वर्षानुवर्षे त्यानेच पोसलेला असतो, हे मात्र विसरता कामा नये.

राज्य सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीला राज्यमाता-गोमाता हा दर्जा दिला आणि गोशाळांतील देशी गायींसाठी दररोज पन्नास रुपये अनुदान जाहीर केले. त्या निर्णयात दिलेली आकडेवारी चिंताजनक आहे : २०१९ च्या पशुगणनेत राज्यात देशी गायी ४६ लाख १३ हजार, म्हणजे आधीच्या गणनेपेक्षा २०.६९ टक्के घट. एकीकडे रस्त्यावर गुरे मावत नाहीत, दुसरीकडे गायींची एकूण संख्या घटते आहे. विसंगत वाटणाऱ्या या दोन गोष्टींचे मूळ एकच आहे : गाय ठेवणारे घर कमी होत आहे. पन्नास रुपयांच्या अनुदानाने शंभर गायींमागे वर्षाला सव्वाअठरा लाख रुपये होतात. ही मदत मोलाची आहे. परंतु ती नोंदणीकृत आणि किमान पन्नास जनावरे असलेल्या गोशाळेला. संकरित गाय तिच्यात बसत नाही. वीस जनावरे नेटाने सांभाळणाऱ्या खेड्यातल्या गोशाळेला आकडा फुगविण्याचा मोह पडावा, अशीच ही अट आहे.

येथे आपल्याच कार्यकर्त्यांशी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. बेकायदा वाहतुकीची माहिती मिळाली की ती पोलिसांना द्यावी आणि कारवाई त्यांनीच करावी. कायदा हातात घेण्याने गायीचे काही भले होत नाही. गाडी पकडली जाते, वृत्तपत्रात छायाचित्र येते आणि पहाटे पंचवीस-तीस गुरे जवळच्या गोशाळेच्या फाटकात उभी राहतात. त्या क्षणापासून ती गुरे खटल्यातला मुद्देमाल असतात. निकाल लागेपर्यंत ती कोणाला देता येत नाहीत. २०१७ च्या केंद्रीय नियमांनी त्यांच्या पोषणाचा खर्च आरोपीकडून घेण्याची तरतूद केली आहे, पण तारखा पडत राहतात आणि वैरण रोजच लागते. ज्यांनी माहिती दिली, त्यांतले किती जण महिन्याभराने एक गाडी पेंढा घेऊन त्या फाटकाशी येतात? काही येतात, हे मान्य केले पाहिजे. बहुतेक येत नाहीत. आणि व्यवस्थापकाने पुढच्या वेळी नकार दिला की त्याच्या निष्ठेवर शंका घेतली जाते.

नकार न देणाऱ्या गोशाळेचे काय होते, हेही पाहावयास हवे. साठांच्या चाऱ्यावर शंभर जनावरे ठेवली की धट्टीकट्टी गुरे गव्हाणीवर जातात आणि दुबळी मागे राहतात. पायाला जखम झालेले वासरू तुडवले जाते. नव्या जनावराला वेगळे ठेवण्याची जागा नसली की लाळ्या-खुरकूत किंवा लम्पीसारखा रोग एका रात्रीत दावणभर पसरतो. २०२२ साली लम्पीच्या साथीत गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, हे अजून कोणी विसरलेले नसेल. कोकणात याच्या जोडीला पाऊस. तीन हजार मिलिमीटरच्या प्रदेशात जमीन ओली राहिली की खूर सडतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत घरांचेच पत्रे उडाले, तेथे गोठ्यांचे काय? अशा जागी मेलेल्या जनावराला कोणी सुरी लावलेली नसते, एवढेच. त्याला अभय मिळाले, असे मात्र म्हणता येणार नाही.

असाध्य वेदनेत असलेल्या प्राण्याचे काय, हा प्रश्नही टाळता येत नाही. साबरमती आश्रमात १९२८ मध्ये तडफडणाऱ्या एका वासराला गांधीजींनी इंजेक्शन देवविले आणि देशभर काहूर माजले. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांची श्रद्धा खोटी नव्हती. गांधीजींची करुणाही खोटी नव्हती. आजचा कायदा अशा वेळी पशुवैद्यकाच्या निर्णयाला वाव देतो. निदान वेदनाशमन तरी प्रत्येक निवाऱ्यात असले पाहिजे, आणि तेही विचारपूर्वक. म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या रानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी आहेत आणि तेथील ग्रामस्थांनी ती जपली आहेत. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याचे मूत्रपिंड निकामी करते. म्हणून गुरांसाठीचे ते औषध २००६ मध्ये बंद झाले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकही बंद झाले. मेलोक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही. गोशाळेच्या औषधाच्या कपाटात काय आहे, यावर डोंगरातल्या एका पक्ष्याचे जगणे अवलंबून आहे.

कुत्र्यांचा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. मुरूड, काशिद, नागाव, किहीमच्या बंगल्यांत शनिवार-रविवारसाठी हौसेने आणलेले पिल्लू पावसाळ्यात राखणदाराच्या गळ्यात पडते आणि तो गेला की रस्त्यावर येते. कोळीवाड्यांत मासळी साफ करण्याच्या आणि सुकविण्याच्या जागी कुत्र्या-मांजरांचे पोट भरते; ज्या किनाऱ्यावर खाणावळीचे उष्टे उघड्यावर पडते तेथेही तेच. जेथे अन्न आहे तेथून दहा कुत्री उचलली तर चार महिन्यांत दुसरी दहा येतात. २०१९ च्या गणनेत राज्यात भटकी कुत्री पावणेतेरा लाखांच्या आसपास होती. दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश ११ ऑगस्ट २०२५ ला निघाला तेव्हा पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत पाच हजार कुत्र्यांची सोय करण्यास सांगितले गेले होते. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलून निर्बीजीकरण व लसीकरण केलेली, रेबीज नसलेली आणि आक्रमक नसलेली कुत्री मूळ जागी सोडण्यास सांगितले. पकडावे, शस्त्रक्रिया करावी, रेबीजची लस टोचावी, कानाला खूण करावी आणि होते तेथे सोडावे, ही पद्धत संथ आहे. परंतु तिला लागणारी जागा प्रत्येक कुत्र्यामागे काही दिवसांपुरतीच असते. वस्तीतल्या शंभरांतील सत्तर कुत्र्यांना लस टोचली गेली की रेबीजची साखळी तुटू लागते. केंद्राने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणाऱ्या रेबीजच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. ज्या घरातले मूल कुत्रे चावल्याने गेले, त्या घराला प्राणिदयेची भाषा ऐकवण्याचा अधिकार हे काम मनापासून करणाऱ्यालाच आहे.

मग मर्यादित प्रवेशाच्या संस्थेने काय करावे? पहिली गोष्ट, आपली मर्यादा उघडपणे सांगावी. फाटकावर देणगीदारांच्या नावांच्या पाटीशेजारी दुसरी पाटी असावी : जनावरांची क्षमता किती, आज किती आहेत, या महिन्यात किती घेतली, किती नाकारली, किती घरोघरी दिली, किती मेली. नाकारल्याचा आकडा लिहिण्याची लाज वाटण्याचे कारण नाही. तो लपविण्याची मात्र वाटावी. दुसरी, नाकारताना हात झटकू नयेत. जखमेवर मलमपट्टी करून, कानात बिल्ला आहे का हे पाहून, मालकाचा शोध घेऊन, महिनाभर गुरू सांभाळू शकणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याचे नाव सांगता येते. अनेकदा म्हाताऱ्या बैलाच्या मालकाला दोन गाड्या पेंढा मिळाला, तर तो बैल त्याच्याच गोठ्यात राहतो आणि गोशाळेचा एक खुंटा वाचतो. गोशाळेत आणून पोसण्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि बैलालाही आपला गोठा सुटत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोने केला तसा करार येथेही अशक्य नाही. ग्रामपंचायतींनी कोंडवाडे पुन्हा उभे करावेत. जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकाने तेथे आठवड्यातून एकदा यावे. लिलावाची वेळ येण्यापूर्वी गोशाळेने ठरल्या संख्येपुरती गुरे घ्यावीत, आणि किती, हे वर्षाच्या आरंभीच लेखी ठरावे. पैशाची बाजू अगदीच अंधारी नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात प्राणिकल्याण हे सामाजिक दायित्वाच्या खर्चाचे एक क्षेत्र म्हणून नोंदलेले आहे, आणि थळ, डोलवी, उसर, न्हावाशेवा या पट्ट्यात उद्योगांची कमतरता नाही. देवस्थानांकडे पडीक जमिनी आहेत. त्यांवर गवत लावता येते. कोकण कपिला ही लहान चणीची, या पावसाला सरावलेली गाय आता स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. कमी चाऱ्यावर भागणारी ही गाय घरोघरी टिकवणे हाच गोशाळेवरील भार हलका करण्याचा मार्ग आहे. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय कुटुंबाला गाय ठेवता येणार नाही, परंतु एका जनावराच्या वर्षाच्या वैरणीचा खर्च चार घरांनी वाटून घेता येतो. बंगलेवाल्याला विकतच्या पिल्लाऐवजी निवाऱ्यातले नसबंदी केलेले कुत्रे नेता येते. एक कुत्रे गेले की एका जागेवर दुसरे येऊ शकते.

किनारपट्टीवर भाताची झोडणी दिवाळीनंतर आटोपते. पेंढा काही दिवस खळ्यावर आणि अंगणात पडून असतो. पुढे आंब्याच्या पेट्या भरण्यासाठी त्याला मागणी येते आणि भाव चढतो. उरलेला कित्येक ठिकाणी जाळला जातो किंवा अवकाळी पावसात कुजतो. गावोगावच्या शाखांनी आणि मंडळांनी आंब्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एक रविवार ठरवून, जवळच्या गोशाळेला किती टन कमी पडतात हे तिच्या वहीत पाहून, तेवढा पेंढा खळ्यांवरून उचलून तिच्या गंजीवर नेऊन टाकावा. टेम्पोचे भाडे आणि ताडपत्रीचा खर्च आधी जमवून ठेवावा, कारण जूनमध्ये पहिला पाऊस पडला की उघड्या गंजीचा अर्धा पेंढा वाया जातो.